व्हीपीएन चालू आहे, पण झाकतंय का?

भिलाईच्या सिविक सेंटरमध्ये चहा घेता घेता मी मोबाईलवर व्हीपीएन लावला. वर किल्लीची खूण आली, पण मी तेवढ्यावर विसंबलो नाही. आधी व्हीपीएन बंद ठेवून आयपी पत्ता पाहिला, मग चालू करून. पत्ता बदलला होता. मग डीएनएस लीक चाचणी केली, तर तिथे माझ्याच मोबाईल कंपनीचे सर्व्हर! म्हणजे मी कुठल्या साइटवर जातो, ते कंपनीला कळतच होतं. अ‍ॅपच्या सेटिंगमध्ये व्हीपीएनचाच डीएनएस निवडला, पुन्हा तपासलं, गळती थांबली. वेबआरटीसीची चाचणीही अशीच करा. आणखी एक, सर्ट-इनच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार व्हीपीएन कंपन्यांनी ग्राहकांची माहिती किमान ५ वर्षं ठेवायची आहे. तेव्हा अ‍ॅप घेण्याआधी नोंदींचं धोरण वाचाच.