हिंगण्याचा नकाशा, टोकियोची पुस्तिका

डेक्कनहून निघालेली बस नळस्टॉप, पौड फाटा, मृत्युंजयेश्वर असं करत पुढे येते आणि कंडक्टर हाक देतो, ‘कर्वे पुतळा!’ कोथरूडमध्ये हे दोन शब्द दिवसभर कानावर पडतात. भेटायचं तर पुतळ्यापाशी, रिक्षा सोडायची तर पुतळ्यापाशी, नवख्याला रस्ता सांगायचा तर पुतळ्यापासून. मीही वर्षानुवर्षं तो पत्ता म्हणूनच वापरत आले. मग दोन वस्तूंची हकिगत वाचनात आली आणि तेव्हापासून त्या चौकातून जाताना मान आपोआप वर होते.

त्यातली एक वस्तू म्हणजे जमिनीवर केलेला मातीचा नकाशा. दुसरी टपालाने आलेली एक पुस्तिका. नकाशाची कल्पना इथून काशीला गेली आणि पुस्तिका जपानहून इथे आली. दोन्ही वेळा मधला माणूस एकच होता.

‘इथे’ म्हणजे हिंगण्याला. आज आपण कर्वेनगर म्हणतो ते तेव्हाचं हिंगणे बुद्रुक, पुण्याबाहेरचं खेडं. धोंडो केशव कर्वे, म्हणजे अण्णा, फर्ग्युसन कॉलेजात गणित शिकवत. १८९३ मध्ये त्यांनी पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनात शिकलेल्या गोदूबाईंशी पुनर्विवाह केला. त्याच पुढे आनंदीबाई किंवा बाया कर्वे म्हणून ओळखल्या गेल्या. या लग्नापायी कोकणातल्या मुरूडने, अण्णांच्या स्वतःच्या गावाने, त्यांना वाळीत टाकलं. १८९६ मध्ये त्यांनी विधवांच्या शिक्षणासाठी अनाथ बालिकाश्रम मंडळी स्थापन केली. रावबहादूर गणेश गोविंद गोखले यांनी हिंगण्याची सहा एकर जमीन आणि साडेसातशे रुपये दिले आणि १९०० मध्ये आश्रम तिथल्या झोपडीत आला. कॉलेजातले तास संपवून अण्णा पुण्याहून पायी हिंगण्याला येत. रस्ता असा नव्हताच, पावसाळ्यात नुसता चिखल. चालण्याची सवय मात्र जुनी होती. शाळकरी वयात एका परीक्षेसाठी ते मुरूडहून घाट चढून पायी साताऱ्याला गेले होते, आणि वय कमी दिसतं म्हणून तिथे त्यांना परीक्षेला बसू दिलं नव्हतं.

१९१३ च्या अखेरीस कराचीला काँग्रेसचं अधिवेशन झालं. तिथून परतताना काशीचे एक धनिक गृहस्थ पुण्याला आले आणि कर्व्यांचा आश्रम पाहायला गेले. त्यांचं नाव बाबू शिवप्रसाद गुप्त. पुढे ‘आज’ हे हिंदी दैनिक आणि काशी विद्यापीठ काढणारे ते हेच. आश्रमात त्यांना जमिनीवर मातीचा केलेला भारताचा नकाशा दिसला. कागदावरच्या नकाशासारखा तो सपाट नव्हता. डोंगर उंच होते, नद्या खोलगट होत्या, उंचसखल देश डोळ्यांसमोर पसरलेला होता. भूगोल शिकवायचं ते एक साधं साधन. हिमालय किती उंच आणि दख्खनचं पठार कुठे संपतं हे पुस्तकातल्या ओळींपेक्षा अशा नकाशात चटकन समजतं.

मला मात्र त्या नकाशाभोवती उभ्या असतील त्या मुली दिसतात. कुणी बाराव्या-तेराव्या वर्षी विधवा झालेली, कुणाचं केशवपन झालेलं. घराची मागची खोली हेच बहुतेकींचं जग. त्यांच्या पायांशी गंगा वाहत होती आणि काशीही होती. विधवा बाईने उरलेलं आयुष्य काशीला काढावं, अशी त्या काळची समजूत. इथे त्याच बायका काशी कुठल्या अक्षांशावर आहे ते शिकत होत्या.

तो नकाशा गुप्तांच्या मनातून गेला नाही. पुढे परदेशातही त्यांनी उठावाचे नकाशे पाहिले आणि काशीला असं एक मंदिर बांधायचं ठरवलं जिथे मूर्ती नसेल, फक्त देश असेल. मातीच्या जागी संगमरवर आला. पर्वतरांगा, पठारं, नद्या, समुद्र, सगळं प्रमाणात कोरलेलं आहे, आणि देश अर्थातच फाळणीपूर्वीचा, अखंड. हेच काशीचं भारतमाता मंदिर. १९३६ च्या विजयादशमीला गांधीजींच्या हस्ते त्याचं उद्‌घाटन झालं. काशीयात्रेला जाणारी मराठी माणसं हे मंदिरही पाहून येतात. गाभाऱ्याच्या जागी कठड्याशी उभं राहून ती खाली सह्याद्री शोधतात. या संगमरवराचं मूळ आपल्या कर्वेनगरातल्या मातीत आहे हे त्यांना कुणी सांगत नाही. मलाही सांगितलं नव्हतं.

आता दुसरी वस्तू.

१९१४ मध्ये शिवप्रसाद गुप्त जगप्रवासाला निघाले. इजिप्त, युरोप, अमेरिका करत ते जपानला पोहोचले. हिंगण्याचा आश्रम त्यांच्या लक्षात होता. टोकियोतल्या स्त्रियांच्या विद्यापीठाची माहिती देणारी एक पुस्तिका त्यांनी टपालाने अण्णांकडे धाडली. अण्णा तेव्हा सत्तावन्न वर्षांचे होते आणि नुकतेच फर्ग्युसनमधून निवृत्त झाले होते. १९१५ च्या डिसेंबरात मुंबईला राष्ट्रीय सामाजिक परिषद भरायची होती आणि तिचं अध्यक्षपद त्यांच्याकडे आलं. त्या भाषणात त्यांनी जपानचं उदाहरण पुढे ठेवून हिंदुस्थानातही स्त्रियांचं स्वतंत्र विद्यापीठ हवं अशी मागणी केली. सहा महिन्यांत, जून १९१६ मध्ये, विद्यापीठ उभंही राहिलं. कुलपती रामकृष्ण गोपाळ भांडारकर, कुलगुरू रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे, आणि विद्यार्थिनी पाच.

त्या पुस्तिकेतलं विद्यापीठ ज्यांनी काढलं त्यांचं नाव जिंझो नारुसे. त्यांचा जन्म १८५८ चा. अण्णांचाही १८५८ चा. नारुसे तरुणपणी ख्रिस्ती धर्मोपदेशक होते. १८९० ते १८९४ ही वर्षं त्यांनी अमेरिकेत काढली आणि तिथे स्त्रीशिक्षणाचा अभ्यास केला. परतल्यावर १८९६ मध्ये त्यांनी स्त्रीशिक्षणावर एक ग्रंथ प्रसिद्ध केला. अण्णांची अनाथ बालिकाश्रम मंडळी त्याच वर्षीची. एकमेकांची नावंही माहीत नसलेले दोन समवयस्क एकाच वर्षी एकाच कामाला लागले होते. नारुसेंना मित्सुई घराण्याकडून टोकियोच्या मेजिरो भागात जमीन मिळाली आणि १९०१ मध्ये विद्यापीठ सुरू झालं. स्त्रीला आधी माणूस म्हणून, मग स्त्री म्हणून आणि मग राष्ट्राची नागरिक म्हणून शिकवायचं, असा त्यांचा क्रम होता. हा क्रम मला फार मोलाचा वाटतो. त्या काळात बहुतेक सुधारक, आपल्याकडचेही, सुरुवात दुसऱ्या पायरीवरून करत.

अण्णांना त्या पुस्तिकेत दोन गोष्टी भावल्या असाव्यात. पहिली म्हणजे भाषा. जपानी मुली जपानीतून उच्च शिक्षण घेत होत्या. आपल्याकडे कॉलेजचा उंबरा ओलांडायचा तर आधी इंग्रजीचा डोंगर चढावा लागे. त्यात मुलींची कोवळी वर्षं जात आणि तोवर घरचे लग्नाची घाई करत. अण्णांनी मातृभाषा हेच शिक्षणाचं माध्यम ठरवलं. इंग्रजी विषय म्हणून राहिली. १९१६ मध्ये मराठीतून विद्यापीठाच्या दर्जाचं शिक्षण द्यायला निघणं किती धाडसाचं होतं, हे कळायला आज शंभर वर्षांनीही मराठीतून उच्च शिक्षणाची किती ओढाताण चालू आहे ते पाहावं.

दुसरी गोष्ट अभ्यासक्रमाची, आणि तिथे माझं मन दुभागतं. जपानच्या सरकारी धोरणात तेव्हा ‘र्योसाई केन्बो’ हा शब्द गाजत होता. त्याचा अर्थ चांगली पत्नी, शहाणी माता. अण्णांचंही म्हणणं होतं की बहुतेक स्त्रिया संसार करणार, तेव्हा त्यांच्या अभ्यासात गृहशास्त्र, आरोग्य, बालसंगोपन हवं. मुलींना मुलग्यांपेक्षा वेगळं का शिकवायचं, हा आक्षेप तेव्हाही होता, आणि तो योग्यच होता असं मला वाटतं. पण दोन्ही संस्थांतून बाहेर पडलेल्या बायका पाहिल्या की हा वाद इतक्यात मिटवता येत नाही.

टोकियोच्या त्या विद्यापीठाच्या गृहशास्त्र विभागातून उमे तांगे नावाची मुलगी शिकून निघाली. लहानपणीच्या अपघातात तिचा एक डोळा गेला होता. १९१३ मध्ये तोहोकूच्या शाही विद्यापीठाने प्रथमच तीन स्त्रियांना प्रवेश दिला. त्यात एक उमे होती, आणि तिचा विषय होता रसायनशास्त्र. पुढे अमेरिकेत तिने डॉक्टरेट मिळवली. राइचो हिरात्सुका १९०६ ची पदवीधर. तिने १९११ मध्ये ‘सेइतो’ हे स्त्रियांचं नियतकालिक काढलं, आणि जपानी स्त्रीवादी चळवळीचा इतिहास तिच्या नावाशिवाय लिहिता येत नाही. शहाण्या माता घडवायला निघालेल्या संस्थेने या बायका दिल्या.

हिंगण्यातही तेच घडलं. पार्वतीबाई आठवले या बाया कर्व्यांच्या भगिनी, आश्रमाच्या पहिल्या विद्यार्थिनींपैकी एक. कित्येक वर्षं त्या केशवपन केलेल्या वेशातच गावोगाव फिरून आश्रमासाठी वर्गणी गोळा करत. १९१८ मध्ये, वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी, इंग्रजी शिकायला आणि निधी जमवायला त्या एकट्या अमेरिकेला गेल्या. पोटासाठी तिथे लोकांच्या घरी घरकाम केलं आणि दोन वर्षांनी परत आल्या. देवरुखकडची एक विधवा बाई, मोडकं इंग्रजी बोलत अमेरिकन घरात भांडी घासते आणि त्यातून आश्रमासाठी काही उभं करू पाहते, हे चित्र मला कुठल्याही पुतळ्याहून उंच वाटतं. त्यांनी ते स्वतः ‘माझी कहाणी’मध्ये लिहून ठेवलं आहे. पुण्यात त्यांच्या नावाचाही अण्णांच्या नावाएवढाच गाजावाजा व्हायला हवा होता.

१९२० मध्ये सर विठ्ठलदास ठाकरसी यांनी पंधरा लाख रुपयांची देणगी दिली आणि विद्यापीठाला त्यांच्या आईचं, नाथीबाई दामोदर ठाकरसी यांचं, नाव मिळालं. एसएनडीटी हे त्याचं आद्याक्षरी रूप. १९३६ मध्ये मुख्य ठाणं मुंबईला गेलं, तरी पुण्याचं महाविद्यालय कर्वे रस्त्यावर आहेच. सरकारी मान्यता मात्र स्वातंत्र्य येईपर्यंत मिळाली नाही. टोकियोच्या संस्थेची गत फारशी वेगळी नव्हती. नावात विद्यापीठ असूनही कायद्याच्या दृष्टीने ती विद्यापीठ ठरली ती १९४८ मध्ये. म्हणजे आपण जिचा कित्ता गिरवत होतो, ती संस्थाही त्या वेळी मान्यतेविनाच चालली होती.

हिंगण्यातल्या पाच मुलींचं पहिलं वर्ष चालू होतं त्याच १९१६ च्या उन्हाळ्यात रवींद्रनाथ टागोर जपानला गेले होते. करुइझावा या थंड हवेच्या गावी नारुसेंच्या विद्यार्थिनींचं शिबिर असे. तिथे त्यांनी त्या मुलींशी संवाद साधला. आज तिथे रवींद्रनाथांचा पुतळा आहे.

अण्णांची आणि नारुसेंची भेट कधीच झाली नाही. नारुसे १९१९ मध्ये वारले. अण्णा जगप्रवासाला निघाले ते मार्च १९२९ मध्ये, एकाहत्तराव्या वर्षी. लंडनला भाषण झालं, जिनिव्हाच्या शिक्षण परिषदेत आपल्या प्रयोगाबद्दल बोलले, डेन्मार्कमधल्या शिक्षकांच्या मेळाव्याला गेले. सून इरावती तेव्हा बर्लिनमध्ये मानववंशशास्त्र शिकत होती. त्याच बर्लिनमध्ये ते आइन्स्टाइनना भेटले. या भेटीचं सगळ्यांना अप्रूप वाटतं आणि ते साहजिक आहे. माझं मन मात्र त्यापुढच्या टप्प्यावर अडतं. अमेरिका करून अण्णा जपानला गेले आणि टोकियोतलं ते विद्यापीठ पाहिलं. पंधरा वर्षांपूर्वी ज्याची पुस्तिका टपालातून हातात पडली होती, त्याच्या आवारात ते उभे होते. समोर मुली होत्या. संस्थापक नव्हते.

एप्रिल १९३० मध्ये ते परतले आणि त्याच वर्षअखेरीस पुन्हा वर्गणीसाठी आफ्रिकेला गेले.

हिंगण्याची ती मूळ झोपडी संस्थेने जपून ठेवली आहे. तिच्या आसपास आता वसतिगृहं आहेत, शाळा आहेत, मुलींचं अभियांत्रिकी महाविद्यालय आहे. संध्याकाळी त्या मुली पाठीवर सॅक अडकवून घोळक्याने बाहेर पडतात आणि कोथरूडच्या रहदारीत मिसळतात. सुट्टीच्या दिवशी लेकीला घेऊन त्या झोपडीसमोर उभं राहावं आणि तिला सांगावं, की इथे एकदा जमिनीवर मातीचा हिंदुस्थान होता.

१८ एप्रिल १९५८ रोजी अण्णांनी शंभरी पूर्ण केली. मुंबईच्या ब्रेबॉर्न स्टेडियमवर पंडित नेहरूंच्या उपस्थितीत समारंभ झाला. त्याच वर्षी ते भारतरत्न झाले. आणि त्या दिवशी टपाल खात्याने त्यांचं तिकीट काढलं, पंधरा नव्या पैशांचं. भारताच्या तिकिटावर हयातीत झळकलेला तो पहिला भारतीय चेहरा. त्या वर्षी टपालाच्या पाकिटांवरून अण्णा देशभर फिरले.