मोटारीच्या झडपा आणि नऊचें गणित

शिवणयंत्राला तेल घालणें, भिंतीवरच्या घड्याळाला वेळच्या वेळीं किल्ली देणें, नळाचें वायसर बदलणें, इतपत यंत्रसेवा आपल्या सुशिक्षित कुटुंबांतून आवडीनें होत असते. परंतु मोटारीच्या एंजिनाचें नुसतें नांव निघालें कीं भलेभले हात आंखडतात. 'तें मिस्त्रीचें काम' असें म्हणून आपण मोकळे होतों. कांहीं कामांच्या बाबतींत ही भीति रास्त आहे. सर्वच कामांना ती लागू नाहीं. जुन्या इंग्रजी स्पोर्ट्‌स मोटारीच्या एंजिनांतील झडपांची फट तपासणें व ती बेताची करणें हें काम इंग्लंडांतील हौशी गृहस्थ आपल्या घरच्या गॅरेजांत स्वतः करतात. त्याला एक सकाळ, चार हत्यारें आणि मुख्यतः धीर लागतो.

उदाहरणासाठीं आम्ही एम्. जी. बी. ही मोटार घेतों. एम्. जी. हीं ऑक्सफर्ड येथील 'मॉरिस गॅरेजेस' या पेढीचीं आद्याक्षरें होत. 'बी' हा नमुना १९६२ सालीं बाहेर पडला, आणि ॲबिंग्डन येथील कारखाना १९८० मध्यें बंद होईपर्यंत तो तयार होत होता. एवढ्या अवधींत या जातीच्या पांच लाखांहून अधिक गाड्या झाल्या. तिचें एंजिन १७९८ घनसेंटिमीटरचें व चार सिलिंडरांचें आहे. प्रत्येक सिलिंडरास दोन याप्रमाणें झडपा आठ. इनलेट झडपेनें पेट्रोलमिश्रित हवा आंत येते, एक्झॉस्ट झडपेनें जळलेला वायु बाहेर जातो.

या झडपा उघडतात कशा, तें पाहूं. एंजिनाच्या पोटांत कॅमशाफ्ट नांवाचा दांडा फिरत असतो. त्यावरील उंचवटे आपापली पाळी येतांच टॅपेट व पुशरॉड यांस वर ढकलतात. पुशरॉड रॉकरचें एक टोंक उचलतो. कोंकणांत विहिरीवरची लाट जशी एका टोंकानें वर जातांच दुसऱ्यानें खालीं येते, तसें रॉकरचें दुसरें टोंक खालीं येऊन झडपेस दाबतें. उंचवटा सरकून गेला कीं स्प्रिंग झडप मिटविते. एंजिन मिनिटाला चार हजार फेरे घेत असलें म्हणजे प्रत्येक झडप मिनिटाला दोन हजार वेळां उघडते व मिटते.

आतां झडप मिटलेली असतांना रॉकर व झडपेचा दांडा यांच्यामध्यें थोडी मोकळी जागा मुद्दाम ठेवलेली असते. या एंजिनांत, तें थंड असतां, ती इंचाच्या पंधरा हजारांश, म्हणजे सुमारें ०.३८ मिलिमीटर असावी. (पुढच्या कांहीं वर्षांच्या गाड्यांचा आंकडा निराळा आहे, आपल्या वर्षाची पुस्तिका पाहावी.) धातु तापला कीं वाढतो, आणि ती वाढ सामावून घेण्यास ही जागा लागते.

फट फाजील झाली तर रॉकर झडपेवर हातोडीसारखा आदळतो, टकटक ऐकूं येते, झडप पुरती उघडत नाहीं व शक्ति घटते. हा दोष स्वतःच ओरडून सांगतो. फट नाहींशी झाली तर मात्र कांहींच ऐकूं येत नाहीं. उलट एंजिन पूर्वीपेक्षां शांत वाटतें. खरा धोका या शांततेंत आहे. एक्झॉस्ट झडप ही तापून लाल होणारी वस्तु. ती मिटून आपल्या बैठकीला टेकली म्हणजे तिची बरीचशी उष्णता त्या बैठकींतून निघून जाते. फटच उरली नाहीं तर झडप पुरती टेकत नाहीं, उष्णता अडकून राहते, आणि ज्वालेसारखा वायु कडेच्या चिरेंतून सुटूं लागतो. शेवटीं झडपेची कड जळते, त्या सिलिंडरांतील दाब पडतो, आणि हेड उतरविण्यावांचून गत्यंतर राहत नाहीं. एका सकाळच्या आळसाची ही किंमत फार मोठी आहे.

या धोक्याला अलीकडे एक नवें कारण मिळालें आहे. पूर्वीच्या पेट्रोलांत शिशाचा अंश असे. तो आरोग्यास घातक म्हणून २००० सालच्या आरंभापासून ब्रिटनमध्यें तशा पेट्रोलाची सार्वत्रिक विक्री बंद झाली, आणि तें योग्यच झालें. परंतु तेंच शिसें जुन्या लोखंडी हेडांतील बैठकांचें झिजेपासून रक्षण करीत असे. तें गेल्यावर, विशेषतः गाडी बराच वेळ वेगानें हांकल्यास, बैठक झिजते, झडप आंत रुतत जाते, तिचा दांडा वर येतो आणि फट आपोआप कमी होते. कित्येकांनीं हेडांत कठीण धातूच्या बैठका बसवून घेतल्या आहेत. ज्यांनीं घेतल्या नाहींत त्यांनीं तरी ही तपासणी चुकवूं नये.

साहित्य थोडें आहे: फीलर गेज, अर्ध्या इंचाचा रिंग पाना, रुंद पात्याचा स्क्रू-ड्रायव्हर, प्लगचा पाना, आणि रॉकर कव्हरखालीं घालण्यास नवें बुचाचें गॅस्केट. पाने इंची मापाचेच घ्यावे. मिलिमीटरचा जवळपासचा पाना नटाचे कोपरे खातो. एंजिन रात्रभर थंड झालेलें असावें व जमीन सपाट असावी. किल्ली काढून खिशांत ठेवावी. तारांना क्रमांकाच्या चिठ्ठ्या बांधून चारहि प्लग काढावे, म्हणजे एंजिन हलकें फिरतें. मग दोन नट सोडून रॉकर कव्हर उचलावें. गाडी चवथ्या गियरमध्यें घालून थोडथोडी पुढें ढकलली कीं झडपा हलूं लागतात. ढकलण्यास घरांतील मोठीं मुलें उपयोगी पडतात. मात्र गाडी हलत असतां कोणाचाहि हात एंजिनांत नसावा.

आतां शीर्षकांतील गणित. रेडिएटरच्या बाजूनें झडपांना १ ते ८ क्रमांक द्यावे. त्यांपैकीं १, ४, ५ व ८ या एक्झॉस्ट, आणि २, ३, ६ व ७ या इनलेट. जी झडप पुरती खालीं दबलेली दिसेल तिचा क्रमांक नवांतून वजा करावा. उत्तर येईल ती झडप तपासावी. आठवी उघडी तर पहिली, सहावी उघडी तर तिसरी, चवथी उघडी तर पांचवी, सातवी उघडी तर दुसरी. पुढें याच्या उलट. एंजिनाचे दोन फेरे झाले कीं आठहि झडपा पुऱ्या होतात.

हा मंत्र नव्हे. त्याला कारण आहे. पहिला व चवथा पिस्टन बरोबरच वरखालीं होतात, पण एकाचें कार्य दुसऱ्याच्या पूर्ण एक फेरा मागें असतें. कॅमशाफ्ट एंजिनाच्या अर्ध्या वेगानें फिरतो, म्हणून त्या दोघांचे उंचवटे एकमेकांच्या अगदीं विरुद्ध दिशांस येतात. दुसऱ्या व तिसऱ्या सिलिंडरांचेंहि तसेंच. एक झडप पुरती उघडी असते तेव्हां तिची जोडीदारीण कॅमच्या पाठीवर निश्चिंत विसांवलेली असते, आणि मापण्याची वेळ तीच.

फटींत गेजचें पातें सरकवावें. जाड पुस्तकांतून खुणेची पट्टी ओढतांना लागतो तितकाच अडथळा हाताला लागला पाहिजे. तसें नसेल तर रॉकरवरील लॉकनट सैल करून मधला स्क्रू किंचित फिरवावा, स्क्रू तसाच धरून नट आवळावा, आणि पुन्हां मापावें. नट आवळतांना स्क्रू चोरून हलतो, म्हणून हें दुसरें माप टाळतां येत नाहीं. रॉकरचें टोंक झिजून त्यांत खळगा पडला असेल तर सपाट पातें त्या खळग्यावरून पुलासारखें जातें आणि माप खोटें येतें. खरी फट त्याहून मोठी असते. असा रॉकर दुरुस्त करावा किंवा बदलावा. शेवटीं कव्हर नव्या गॅस्केटवर बसवून नट बेतानें आवळावे. फार आवळल्यास कव्हर वांकतें व तेल गळतें.

आमची एक आग्रहाची सूचना आहे. दुरुस्तीपूर्वीं प्रत्येक झडपेचें माप तारखेसह वहींत लिहावें. एकच झडप दरवेळीं कमी फट दाखवूं लागली तर तिची बैठक झिजत आहे हें वही सांगते, आणि तेंहि कड जळण्यापूर्वीं. हें वहीचें काम घरांतील एखाद्या विद्यार्थ्याकडे सोंपवावें. दशांश अपूर्णांकांचा उपयोग त्याला फळ्यापेक्षां येथें लवकर कळेल.

ही केवळ परदेशची गोष्ट आहे असेंहि नव्हे. उत्तरपाडा येथें २०१४ पर्यंत निघणाऱ्या अँबॅसडर मोटारींत अनेक वर्षें याच घराण्यांतील १४८९ घनसेंटिमीटरचें एंजिन होतें, आणि आपल्याकडील मिस्त्री ज्याला 'टॅपेट सेटिंग' म्हणतात तें हेंच काम. नवांचा नियम तेथेंहि तसाच लागू पडतो.

दोन भागांनीं एकत्र नांदावयाचें तर त्यांच्यामध्यें बेताचा अवकाश लागतो. तो फार झाला तर खडखडाट होतो, आणि मुळींच नसला तर आंतल्या आंत जळणें सुरू होतें. आवाज नाहीं म्हणून सर्व ठीक आहे असें एंजिनाविषयीं समजूं नये, आणि एकत्र कुटुंबाविषयींहि समजूं नये.