खांबाची भेग दिसली पर्यटकाच्या मोबाईलला! मग राईड्स स्कॅन करणारं लेझर तंत्रज्ञान नेमकं काय बघतं?

३० जून २०२३ ची गोष्ट. अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायना आणि साऊथ कॅरोलायना या दोन राज्यांच्या सीमेवर कॅरोविंड्स नावाचं मोठं अम्युझमेंट पार्क आहे. तिथं आलेल्या एका पर्यटकाची नजर 'फ्युरी ३२५' या रोलर कोस्टरच्या एका खांबावर गेली. खांबाला वरच्या बाजूला भेग पडली होती, आणि ती साधीसुधी नव्हती. माणसांनी भरलेली गाडी वळणावरून गेली की खांबाचा वरचा तुकडा बाजूला सरकायचा आणि फट उघडायची. त्यानं मोबाईल काढून व्हिडिओ केला, पार्कला कळवलं. राईड त्याच दिवशी बंद झाली आणि व्हिडिओ जगभर फिरला.

आता हा कोस्टर काही कुणी गॅरेजमध्ये बनवलेला नव्हता. उंची ३२५ फूट, वेग ताशी १५३ किलोमीटर, रूळ जवळपास दोन किलोमीटर लांब. बनवणारी कंपनी स्वित्झर्लंडची बॉलिगर अँड माबिलार्ड, या धंद्यातलं अगदी मोठं नाव. आपल्या खोपोलीच्या इमॅजिकातला 'नायट्रो' याच कंपनीचा आहे. फ्युरी जुनाही नव्हता, २०१५ मध्ये सुरू झालेला. सुदैवानं कुणालाही इजा झाली नाही.

पण प्रश्न उरतोच. ज्या काळात अख्खी राईड लेझरनं मोजून तिचं मिलिमीटरमधलं मॉडेल कॉम्प्युटरवर तयार करता येतं, त्या काळात हा खांब रस्त्यावरून जाणाऱ्या माणसाला दिसावा? हे तंत्रज्ञान काय करतं आणि काय करत नाही, हे समजलं की उत्तर मिळतं.

प्रकाशाची मोजपट्टी

लेझर स्कॅनर दिसायला साधा असतो. तीन पायांच्या स्टँडवर ठेवलेली, स्वतःभोवती गरगर फिरणारी एक पेटी. ती सगळ्या दिशांना लेझरचा किरण सोडते. किरण रुळावर, खांबावर, नट-बोल्टवर आपटून परत येतो. परत यायला किती वेळ लागला यावरून अंतर कळतं. सांगायला सोपं आहे, करायला अवघड. एका सेकंदाचे शंभर कोटी तुकडे केले, तर त्यातल्या एका तुकड्यात प्रकाश ३० सेंटिमीटर जातो. आणि इथं तर मिलिमीटर मोजायचे असतात. म्हणून काही स्कॅनर वेळ थेट मोजण्याऐवजी, गेलेल्या आणि परत आलेल्या लहरींमध्ये किती फरक पडला ते बघतात.

आजचे चांगले स्कॅनर सेकंदाला दहा-वीस लाख बिंदू टिपतात. प्रत्येक बिंदूला स्वतःचा पत्ता असतो: इतका पुढे, इतका डावीकडे, इतका वर. कोट्यवधी बिंदू एकत्र आले की पडद्यावर राईडचा धुक्यासारखा आकार उभा राहतो. याला म्हणतात पॉइंट क्लाउड, म्हणजे बिंदूंचा ढग. एका जागेवरून सगळं दिसत नाही, खांबाच्या मागची बाजू लपलेलीच राहते. म्हणून पेटी वेगवेगळ्या जागी ठेवून पुन्हा पुन्हा स्कॅन करायचं आणि आजूबाजूला लावलेल्या खुणांच्या आधारानं ते तुकडे कॉम्प्युटरवर जोडायचे.

तुमच्या फोनमध्येही हे असू शकतं. आयफोन १२ प्रो पासून अ‍ॅपलच्या प्रो फोनमध्ये लायडार आहे, तेही लेझरच. घराचा नकाशा काढायला ठीक, पण त्याची चूक सेंटिमीटरमध्ये जाते. रोलर कोस्टरसाठी ते चालत नाही.

खरी गंमत दुसऱ्या स्कॅनमध्ये

एकदा स्कॅन केलं की सुंदर थ्रीडी चित्र मिळतं. देखभालीसाठी त्याचा उपयोग तसा कमीच. खरा उपयोग सुरू होतो तो वर्षभरानं तीच राईड पुन्हा स्कॅन करून दोन्ही ढग एकमेकांवर ठेवल्यावर. जिथं काही हललं नाही तो भाग हिरवा, जिथं फरक पडला तो पिवळा किंवा लाल. चौथ्या खांबाचा पाया खचलाय, वळणावरचा रूळ बाहेर ढकलला गेलाय, दोन रुळांमधलं अंतर वाढलंय, हे सगळं नकाशावर रंगानं दिसतं. पूर्वी हेच काम ओळंबा, टेप आणि दुर्बिणीच्या यंत्रानं व्हायचं, पण तेव्हा मोजायच्या ठरलेल्या जागा पन्नास-शंभर असायच्या. आता कोणती जागा मोजायची हे आधी ठरवावंच लागत नाही.

काही मिलिमीटरनं एवढं काय बिघडतं? रोलर कोस्टरची चाकं रुळाला तिन्ही बाजूंनी धरून असतात. वरून भार घेणारी, बाजूनं धरणारी आणि गाडी वर उडू नये म्हणून खालून अडवणारी. फ्युरीच्या वेगानं गाडी एका सेकंदात ४२ मीटर पुढे जाते. रुळात छोटासा उंचवटा असला तरी चाक त्याच्यावर आपटतं. तो झटका धुऱ्याला बसतो, वेल्डिंगला बसतो, प्रवाशाच्या मानेलाही बसतो. आणि दिवसातून शेकडो वेळा बसतो.

मात्र या तुलनेत एक फसगत आहे. लोखंड उन्हानं वाढतं. शंभर मीटर लांबीचं पोलाद २० अंशांनी तापलं तर ते सुमारे २४ मिलिमीटर लांब होतं. म्हणजे पहिलं स्कॅन जानेवारीच्या पहाटे आणि दुसरं मेच्या दुपारी केलं, तर सगळी राईड हलल्यासारखी दिसेल. त्यामुळे स्कॅन शक्यतो पहाटे आणि सारख्या तापमानाला करतात, नाहीतर तापमानाची नोंद ठेवून हिशेबात फरक धरतात. ओला रूळ आणि घासून चकचकीत झालेला पृष्ठभागही त्रास देतो, कारण किरण नीट परत येत नाही. आणि रुळाचा चाक फिरणारा भागच नेमका चकचकीत असतो!

कंपनीच बंद पडली तर?

इंग्लंडमधल्या ब्लॅकपूलच्या पार्कात १९९४ पासून 'द बिग वन' नावाचा कोस्टर आहे. तो बनवणारी अमेरिकन कंपनी अ‍ॅरो २००१ मध्ये दिवाळखोरीत गेली. राईड मात्र चालूच आहे. जगात अशा कितीतरी राईड्स आहेत, ज्यांचा कारखाना उरलेला नाही, मूळ ड्रॉइंग कागदावर होती आणि मधल्या काळात कुणीतरी कुठंतरी वेल्डिंग करून बदल केलेले आहेत. कागद एक सांगतो, लोखंड दुसरंच. अशा राईडचं स्कॅन म्हणजे ती आज प्रत्यक्षात कशी उभी आहे याचा दाखलाच असतो.

सुट्या भागांसाठी हातात धरायचे स्कॅनर असतात, ते मोठ्या पेटीपेक्षा कितीतरी बारीक मोजतात. जुना कंस किंवा सीटचा दांडा स्कॅन करायचा, मॉडेल बनवायचं आणि नवा भाग घडवायचा. पण इथं दोन खड्डे आहेत. एक, भाग झिजलेला असेल तर स्कॅनमध्ये झीजही येते. तशीच नक्कल केली तर नवा भाग जन्मतःच झिजलेला. मूळ माप काय असणार, हे अनुभवी माणसालाच ठरवावं लागतं. दुसरा खड्डा जास्त खोल आहे. लेझरला आकार कळतो, धातू कळत नाही. ते पोलाद कोणत्या जातीचं होतं, तापवून कडक केलेलं होतं का, हे बिंदूंच्या ढगात कुठंच लिहिलेलं नसतं.

एक काम मात्र या मॉडेलमुळे फारच सोपं झालंय. राईडवर बसलेल्या माणसानं हात पसरले तर ते कशाला लागणार नाहीत ना, हे बघायला पूर्वी गाडीवर एक चौकट बांधून ती संपूर्ण रुळावरून हळूहळू ओढत न्यायचे. आता कॉम्प्युटरवरच ती चौकट बिंदूंच्या ढगातून फिरवता येते. झाडाची फांदी वाढलीय, नवा फलक जवळ लागलाय, लगेच कळतं.

मग फ्युरीची भेग दिसली असती का?

प्रामाणिक उत्तर: शेवटी दिसली असती, सुरुवातीला नाही.

खांब पूर्ण तुटून जागेवरून सरकला असता, आणि नेमकं तेव्हा स्कॅन केलं असतं, तर नकाशावर लाल डाग आला असता. पण तोवर तो साध्या डोळ्यांनाही दिसत होता. भेग जन्माला येते तेव्हा केसाएवढी असते, बहुतेकदा वेल्डिंगच्या कडेला आणि रंगाच्या थराखाली. फ्युरीतही ती वेल्डिंगच्या रेषेवरच पडली होती. दोन-तीन मिलिमीटरची चूक गृहीत धरणाऱ्या यंत्राला केस कसा दिसणार?

त्यासाठी वेगळ्या तपासण्या आहेत. धातूला चुंबक लावून लोखंडाची बारीक पूड टाकतात, भेग असेल तिथं ती रेषेसारखी जमते. किंवा रंगीत द्रव लावून पुसतात, भेगेत शिरलेला रंग नंतर वर येतो. आतल्या दोषासाठी अल्ट्रासाउंड, पोटाची सोनोग्राफी करतात तीच कल्पना. या सगळ्याला माणूस त्या सांध्यापर्यंत चढावा लागतो. डिजिटल मॉडेलचा इथं उपयोग असा, की कोणत्या सांध्यावर सर्वाधिक ताण येतो ते त्यातून काढता येतं, मागच्या प्रत्येक तपासणीचा निकाल त्या सांध्यावरच नोंदवता येतो. म्हणजे हजारो सांध्यांपैकी आधी कुठं चढायचं ते कळतं.

कॅरोविंड्सनं नंतर खांब बदलला. गाडीवर झटके मोजणारे सेन्सर लावून तपासणी आणि प्रवाशांशिवाय ५०० फेऱ्या, असं ठरवलं. १० ऑगस्टला राईड पुन्हा सुरू झाली. अवघड जागा बघायला कॅमेऱ्याचे ड्रोन नियमित वापरू, असंही पार्कनं जाहीर केलं. म्हणजे एवढं सगळं होऊन पार्कनं आणलं काय, तर आणखी डोळे.

आणि आपल्याकडं?

१४ जुलै २०१९ ला अहमदाबादच्या कांकरिया तलावाजवळ लंबकासारखी झुलणारी एक राईड माणसांसकट तुटून खाली कोसळली. दोघांचा जीव गेला, पंचवीसहून जास्त जखमी झाले. भारतात अम्युझमेंट राईड्सच्या सुरक्षिततेसाठी भारतीय मानक ब्युरोचं आयएस १५४७५ हे मानक आहे. मुद्दा ते पाळलं जातंय का, हे बघण्याचा असतो.

कायम एका जागी उभ्या असलेल्या मोठ्या पार्कांना लेझर स्कॅनिंग परवडू शकतं, यंत्र विकत न घेता सर्वेक्षण करणाऱ्यांकडून काम करून घेता येतं. पण आपल्याकडचे बहुतेक लोक राईडवर बसतात ते गावच्या जत्रेत, उरुसात. तिथला आकाशपाळणा आज इथं, पुढच्या आठवड्यात तिसऱ्याच तालुक्यात. दर वेळी खोलायचा, ट्रकमध्ये भरायचा, लाकडी ठोकळ्यांवर पुन्हा उभा करायचा. गेल्या वर्षीच्या स्कॅनशी तुलना करणार तरी कशाची, जमीनच दुसरी आहे.

अशा पाळण्याला महागड्या पेटीपेक्षा साध्या गोष्टी जास्त कामाच्या आहेत. प्रत्येक आऱ्याला आणि पिनेला ठोकलेला क्रमांक, कोणती पिन कधी बदलली याची वही, उभारणीनंतर पाया समतल आहे का हे बघायला लेव्हल, आणि वर्षातून एकदा रंग खरवडून वेल्डिंगची तपासणी. मोठ्या पार्कातलं डिजिटल मॉडेल जे काम करतं, तेच ही वही करते, फक्त ती रोज भरावी लागते.