कामाकुराचा बुद्ध आणि आमच्या विहाराची वर्गणी

मुळशी तालुक्यातील हिंजवडीत कंपन्या आल्यापासून आपल्या वस्त्यांतील मुलेही नोकरीनिमित्त परदेशी जाऊ लागली आहेत. आम्हालाही टोकियोत दोन वर्षांचा मुक्काम घडला. त्याच दिवसांत गावाकडून फोन येत. विहाराचे काम जोत्यावर अडले होते. "तुम्ही परदेशात आहात, एकरकमी देऊन टाका, म्हणजे सगळ्यांची सुटका," असे तरुणांचे म्हणणे. म्हातारी माणसे म्हणत, "घरटी वर्गणीच बरी." आमचे काही ठरत नव्हते.

अशात एका रविवारी आम्ही कामाकुराच्या सहलीला नाव नोंदविले. हे समुद्रकाठचे शहर टोकियोहून आगगाडीने तासाभराच्या अंतरावर आहे. बाराजणांचा गट आणि माहिती सांगायला सत्तरीच्या एक बाई, हातात छोटासा झेंडा. कामाकुराहून पुढे एनोदेन नावाची लहानशी गाडी धरायची. १९०२ साली सुरू झालेली ही गाडी घरांच्या अगदी परसातून जाते. तिसरे स्टेशन हासे.

तिथल्या हासेदेरा मंदिरात कान्नोनची अकरा मुखांची, सुमारे तीस फूट उंच लाकडी मूर्ती आहे. कान्नोन म्हणजे आपला अवलोकितेश्वर. मुंबईत बोरिवलीजवळ कान्हेरीच्या ४१ क्रमांकाच्या लेण्यातही अकरा मुखांचा अवलोकितेश्वर कोरलेला आहे. हे सांगताच बाईंनी वही काढून 'कान्हेरी' हे नाव लिहून घेतले.

मग कोतोकु-इन विहार. मोकळ्या आकाशाखाली ध्यानस्थ बसलेली काशाची मूर्ती. उंची सुमारे ३७ फूट, वजन १२१ टन. ही मूर्ती अमिताभ बुद्धाची आहे. एवढे काम कोणा राजाने करविले असेल, असे आम्हाला वाटले. बाई म्हणाल्या, "नाही. जोको नावाचा भिक्खू त्यासाठी लोकांकडे दान मागत फिरला." त्या दानातून १२४३ साली आधी लाकडी मूर्ती झाली. ती टिकली नाही, म्हणून १२५२ मध्ये काशाच्या मूर्तीचे काम सुरू झाले. भोवतालचे मंदिर वादळांनी आणि समुद्राच्या लाटांनी नेले. पंधराव्या शतकाच्या अखेरीपासून मूर्ती उन्हापावसात तशीच आहे.

मूर्ती आतून पोकळ आहे. आत गेल्यावर भिंतीवर थरावर थर ओतल्याच्या खुणा दिसतात. ते काम करणाऱ्या हातांची आठवण तिथे आल्यावाचून राहत नाही.

तेव्हा आम्हाला मुळशीशेजारच्या मावळातील कार्ले लेणे आठवले. तिथल्या शिलालेखांत श्रीमंत श्रेष्ठीचे नाव आहे, तसे धेनुकाकटच्या सामी नावाच्या सुताराचेही आहे. सिंहदत्त या सुगंधी द्रव्ये विकणाऱ्याचे आहे, यवन दात्यांचीही आहेत. दोन हजार वर्षे झाली, तरी सुताराचे नाव श्रेष्ठीच्या जोडीने वाचता येते. एकट्याने दिलेल्या पैशातून वास्तू उभी राहील, पण ती मग त्याचीच म्हणून ओळखली जाईल. बाकीचे तिथे पाहुणे ठरतील.

त्याच आठवड्यात आम्ही गावी कळविले. आमचा वाटा इतरांहून मोठा देऊ, पण घरटी वर्गणी थांबवू नका. ज्याला पैसा जमत नाही त्याने एक दिवस श्रमदान करावे, त्याचेही नाव फरशीवर यावे, आणि रकमेचा आकडा कोणाच्याच नावापुढे नको.

काम उशिरा झाले, पण झाले. दाराशी फरशी आहे. वाळूच्या पाट्या वाहणाऱ्या चार आजींची नावे तिच्यावर आमच्याच ओळीत आहेत. त्यांना वाचता येत नाही. नातवंडे बोट ठेवून दाखवितात, आणि विहार झाडायची पाळी आजी कधी चुकवीत नाहीत.