सातबारा कोणासाठी लिहिला जातो?

तांत्रिक लेखन म्हटले की संगणकाची पुस्तिका, इंजिनिअरचा अहवाल, औषधाच्या खोक्यातली घडी घातलेली चिठ्ठी एवढेच आमच्या सुशिक्षितांना आठवते. खेड्यापाड्यात घरोघरी पोचलेले तांत्रिक लेखन म्हणजे सातबारा, हे कोणाच्या ध्यानीमनीही नसते. गाव नमुना 7 म्हणजे अधिकार अभिलेख, नमुना 12 म्हणजे पिकांची नोंद. इथे ‘आकार’ म्हणजे जमिनीवर बसवलेला सारा. ‘पोटखराबा’ हा पोटाचा विकार नव्हे, तो लागवडीला न येणारा तुकडा. आणि ‘नजराणा’? तो खुशीने कोणी देत नाही, सरकार ठरवील तेवढी रक्कम भरावीच लागते!

शब्द अवघड आहेत ही आमची तक्रार नाही. महसुलाला नेमका शब्द लागतो, तसा तो वैद्यकालाही लागतो. बाबासाहेबांचा रुपयाच्या प्रश्नावरील 1923 चा ग्रंथही अर्थशास्त्राच्या परिभाषेतच आहे. पण तो अर्थशास्त्र जाणणाऱ्यांसाठी होता. सातबारा कोणासाठी आहे?

महार वतनाचेच पाहा. वतनाच्या जोखडाविरुद्ध बाबासाहेबांनी 1928 साली मुंबई विधिमंडळात विधेयक मांडले. पुढे 1958 च्या कायद्याने कनिष्ठ गाव वतने रद्द झाली, रक्कम भरून घेऊन जमिनी वतनदारांना परत मिळाल्या, पण नव्या आणि अविभाज्य शर्तीवर. कलेक्टरच्या पूर्वपरवानगीशिवाय ही जमीन विकता येत नाही, शर्त मोडली तर ती सरकारजमा होऊ शकते. एवढा सगळा अर्थ पुष्कळ उताऱ्यांवर ‘भोगवटादार वर्ग-2’ या दोन शब्दांत कोंबलेला असतो. वकिलाला तो एका नजरेत कळतो, दलालाला त्याहून लवकर. कळत नाही तो जिच्या नावावर जमीन आहे त्या म्हातारीला. ती इसारपावतीवर अंगठा देऊन मोकळी होते.

फेरफाराच्या नोटिशीचीही हीच गत. ‘हितसंबंधितांनी हरकत नोंदवावी’ म्हणजे 15 दिवसांत तोंड उघडले नाही तर नोंद मंजूर होण्याच्या वाटेला लागते, हे साध्या मराठीत सांगायला काय हरकत आहे?

ज्याच्या हक्काचा निकाल ज्या ओळीवर लागतो, त्यालाच ती उमगत नसेल, तर आमच्या मते ते तांत्रिक लेखन नव्हे. ती खात्याची आपसातली खूण झाली. ‘वर्ग-2’ हा शब्द खुशाल राहू द्या. त्याच्याखाली ठळक अक्षरांत एक ओळ छापा : ‘ही जमीन कलेक्टरच्या परवानगीशिवाय विकता येत नाही.’