परक्या शहरात घरची सायकल

शिक्षणासाठी किंवा नोकरीसाठी पुण्यासारख्या शहरात निघालेल्या मुलाबरोबर घरची सायकलही पाठवायची, ही महाराष्ट्रातल्या अनेक कुटुंबांची जुनी रीत आहे. वडिलांनी वापरलेली, थोरल्याकडून धाकट्याकडे आलेली ही सायकल बाजारात फार किमतीची नसते. पण घरातल्या दोन-तीन जणांची शाळा, गिरणीतले दळण आणि दवाखान्याच्या खेपा तिनेच निभावलेल्या असतात. ती हरवली की घरातले माणूस दुरावल्यासारखे वाटते आणि ते वाटणे खरे असते.

गावात अशी सायकल सहसा हरवत नाही, कारण माणसे तिला ओळखतात. पंक्चरवाला, किराणा दुकानदार, शेजारची मुले यांना ती कोणाची हे ठाऊक असते. अनोळखी माणूस तिच्यावर दिसला तर कोणीतरी हटकतेच. शहरात तिला ओळखणारा एकटा मालक असतो. सरकारदरबारीही तिची ओळख नसते. पूर्वी अनेक नगरपालिका सायकलींवर कर घेत आणि कर भरल्याची खूण म्हणून धातूचा बिल्ला देत. ती पद्धत मागे पडली. मोटार वाहन कायदा साध्या सायकलीला लागू नाही, त्यामुळे तिला नोंदणी क्रमांकही नाही. जपानमध्ये १९९४ पासून प्रत्येक सायकलीची नोंदणी सक्तीची आहे. दुकानात सायकल घेतानाच नोंदणी होते आणि सांगाड्यावर क्रमांकाची चिकटपट्टी लागते.

आपल्याकडच्या साध्या सायकलींना मागच्या चाकाशी गोल कुलूप असते. त्याने चाक फिरायचे थांबते, पण सायकल उचलून नेता येते. साखळी चाकातून आणि सांगाड्यातून घेऊन खांबाला किंवा गजाला अडकवली तरच ती जागेवर राहते. अर्थात, दिसेनाशी झालेली प्रत्येक सायकल चोरीला गेलेली नसते. वसतिगृहे आणि सोसायट्या धूळ खात पडलेल्या सायकली बेवारस समजून हलवतात, कधी भंगारातही काढतात. म्हणून पहिली चौकशी रखवालदाराकडे आणि सोसायटीच्या कार्यालयात करावी.

चोरलेली सायकल विकली जाते किंवा सुटी होते. चाके, सीट, हँडल, कॅरियर वेगवेगळे झाले की ओळख पटवणे कठीण जाते. व्हित्तोरिओ दे सिका यांच्या १९४८ च्या ‘बायसिकल थीव्ह्ज’ या इटालियन चित्रपटात हेच दिसते. घरातल्या चादरी गहाण टाकून सोडवलेली सायकल नोकरीच्या पहिल्याच दिवशी चोरीला जाते आणि बाप-लेक रोमच्या बाजारात सुट्या भागांच्या ढिगांत ती शोधत फिरतात. एक सांगाडा ओळखीचा वाटतो. पोलिसासमोर त्यावरचा क्रमांक वाचला जातो, पण तो जुळत नाही.

हा क्रमांक आपल्याकडच्या बहुतेक सायकलींवरही असतो. पॅडलचा एक्सल ज्या नळीत बसतो तिच्या खाली किंवा सीटच्या नळीवर तो ठोकलेला असतो. जुन्या सायकलीवर तो ग्रीस आणि रंगाखाली झाकलेला असतो. रॉकेलच्या फडक्याने जागा पुसावी, कागद ठेवून पेन्सिल घासावी, म्हणजे आकडे कागदावर उमटतात. त्याबरोबर सायकलीचा फोटो आणि पावती जपावी. रेल्वेच्या लगेज डब्यातून सायकल आणली असेल तर ती पावतीही पुरावा म्हणून उपयोगी पडते.

१ जुलै २०२४ पासून चोरीला भारतीय न्याय संहितेचे कलम ३०३ लागू आहे. मालाची किंमत पाच हजार रुपयांपेक्षा कमी असेल तर तो गुन्हा अदखलपात्र धरला जातो. दंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय पोलीस त्याचा तपास करत नाहीत. बहुतेक जुन्या सायकली या मर्यादेच्या आतच येतात. तरीही पोलीस ठाण्यात सांगाड्याच्या क्रमांकासह नोंद करून तिची प्रत घ्यावी. पुढे एखाद्या टोळीकडून सायकली जप्त झाल्या तर मालक शोधताना त्या नोंदीचा उपयोग होतो. जप्त मालाचा मालक कळत नसेल तर न्यायालय जाहीर सूचना काढते आणि दावा सांगण्यासाठी सहा महिन्यांची मुदत असते.

दरम्यान जुन्या सायकलींची दुकाने, भंगारवाले आणि परिसरातले पंक्चरवाले यांना फोटो दाखवावा. विकायला आलेली सायकल आपलीच वाटली तरी भांडून ओढून घेऊ नये. क्रमांक पाहून पोलिसांना बोलवावे. चोरीचा माल आहे हे माहीत असताना घेणाऱ्यालाही कलम ३१७ नुसार तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, म्हणून जुनी सायकल घेणाऱ्यानेही विकणाऱ्याचे नाव, पत्ता आणि सांगाड्याचा क्रमांक लिहिलेली पावती मागावी. ग्राहकांनी अशी पावती मागायची सवय लावली, तर चोरलेली सायकल खपवणे अवघड होईल.