जाळ्यात कासव आलं, तर वहीतही येऊ दे



पहाटे कांडाळ ओढताना हाताला वजन लागतं. आज चांगली मासळी आली असं वाटतं आणि वर येतं ते कासव. जाळं चार ठिकाणी फाटलेलं. मग आपण जाळं कापतो, कासव सोडतो आणि घरी येऊन गप्प बसतो. का गप्प बसतो, ते सगळ्यांना ठाऊक आहे. कासव आणि डॉल्फिन दोन्ही १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. उगाच चौकशी मागे लागायला नको, असं वाटतं.

पण या गप्प बसण्यात नुकसान आपलंच आहे.

आपल्या पेडण्यात मोरजी आणि मांद्रे हे किनारे कासवांच्या अंड्यांसाठी राखीव आहेत. २०११ च्या सीआरझेड अधिसूचनेत काणकोणच्या आगोंद आणि गालजीबागसोबत त्यांचीही नावं आहेत. थंडीच्या दिवसांत ऑलिव्ह रिडले मादी वाळूत शंभर-सव्वाशे अंडी घालते आणि साधारण दीड-दोन महिन्यांनी पिल्लं पाण्याकडे धावतात. ही घरटी वन खातं मोजतं. पण पाण्यातली कासवं कोण मोजणार? वर्षाचे दहा महिने दर्यात आपणच असतो.

एका नोंदीची किंमत बघा. ओडिशात २०२१ मध्ये एका मादीच्या पायाला क्रमांकाची पट्टी लावली होती. २०२५ मध्ये तीच मादी रत्नागिरी जिल्ह्यात गुहागरला अंडी घालताना सापडली. कोणीतरी तो क्रमांक वाचला, म्हणून हे कळलं. दक्षिणेला वळसा घालून आली असेल, तर ती आपल्या दारावरूनच गेली असणार.

डॉल्फिनचंही तसंच. पाठीवर उंचवटा असलेला डॉल्फिन उथळ पाण्यात, नदीच्या मुखाजवळ राहतो. तेरेखोल आणि शापोराच्या तोंडाशी तो आपल्याला दिसतो, कारण त्याला हवी ती मासळी आपल्यालाही हवी असते.

आता पैशांचं बोलूया. ट्रॉल जाळ्यांना कासव बाहेर सोडणारी जाळी, म्हणजे टेड, नाही म्हणून २०१९ पासून अमेरिकेने आपल्या देशाची दर्यातली सुंगटां घेणं बंद केलं. जानेवारी २०२६ पासून त्यांचा दुसरा नियम लागू झाला. मासळी पाठवणाऱ्या देशाने डॉल्फिनसारखे प्राणी जाळ्यात किती अडकतात, याचाही हिशेब ठेवायला हवा. आपण हिशेब ठेवला नाही, तर दुसरा कोणी अंदाजाने ठेवील आणि दोष सरसकट सगळ्या जाळ्यांवर येईल. रापण, कांडाळ आणि ट्रॉलर यांत फरक आहे, हे दाखवायला कागद लागतो.

भरपाईलाही कागद लागतो. शेजारच्या महाराष्ट्रात डिसेंबर २०१८ पासून संरक्षित प्राणी सोडताना जाळं कापावं लागलं तर २५,००० रुपयांपर्यंत भरपाई मिळते, पण फोटो किंवा व्हिडिओ दाखवावा लागतो. जाळ्याच्या नुकसानीबद्दल आपण कुठेही बोलायला गेलो, तर पहिला प्रश्न हाच येणार: किती वेळा झालं?

म्हणून सोसायटीत एक वही ठेवतो आहोत. त्यात होडीचं नाव लिहायचं नाही. तारीख, वेळ, जागा (फोनवरचं लोकेशन, नाहीतर किती वांव पाणी आणि समोर कुठला डोंगर), प्राणी कोणता, किती, पिल्लं होती का, जिवंत की मेलेला आणि जाळं कुठलं, एवढंच. पट्टी असेल तर क्रमांक लिहा, पट्टी काढू नका. नुसता पोहताना दिसला तरी लिहा.

आणि हे लक्षात असू द्या:

• कासव फुफ्फुसाने श्वास घेतं. निपचित पडलं म्हणजे मेलं असं नाही. तसंच पाण्यात टाकलं तर बुडतं. सावलीत पोटावर ठेवा, मागची बाजू वीतभर उंच करा, अंगावर ओलं फडकं घाला, नाक मोकळं ठेवा. सावध व्हायला काही तास लागू शकतात. सोडताना इंजिन न्यूट्रलला हवं आणि जाळं पाण्याबाहेर.

• डॉल्फिन किनाऱ्याला लागला तर शेपटी धरून ओढू नका, परत दर्यात ढकलू नका. पोटावर सरळ ठेवा, अंग ओलं ठेवा, पण डोक्यावरच्या श्वासाच्या भोकात पाणी जाऊ देऊ नका. गर्दी हटवा आणि जीवरक्षकांना किंवा वन खात्याला लगेच कळवा.

घरातल्या बायांना आणि मुलांना एक विनंती. दर्यावरून माणूस आला की मासळीबरोबर हेही विचारा, "आज काय दिसलं?" त्याला लिहायला वेळ नसेल तर तुम्ही लिहा.

दर्या आपला म्हणतो, तर त्याचा हिशेबही आपल्याच हातचा असू दे. सुखरूप जा, सुखरूप या.